दहापैकी किती

नागीण कधीच गेली. पाठीवरून बरगडीखाली
तिची वाट तेवढी उरली, दीड वर्ष जळती.
पदराचं टोक लागलं तरी जीव जातो.
मिरकरवाड्यात बसते तिथे वारा फुकट,
मला तोच महाग.

डॉक्टर विचारतात, दुखणं दहापैकी किती, हेमलताबाई?
आठ, म्हटलं. सवयीने वाटलं
आता घासाघीस करतील.

सलाईनसारखीच बाटली. थेंब सावकाश,
भरती लागताना खाडीचा चिखल भिजतो तसे.
ओठ बधिरले. कानात लांबची लाँच.
जिभेवर मोरळीच्या पात्याची चव.
सिस्टर म्हणते, होतं तसं, बोलत राहा.
काय बोलू?
सौंदाळ्यांचा भाव सांगितला तिला.

दुपारी पुन्हा तोच प्रश्न.
चाचपून बघितलं. चार.
नाही, साडेचार.
"शून्य नाही व्हायचं," डॉक्टर म्हणाले,
"आणि महिन्याने परत यायचं."
अर्ध्या भावात मी कधी सुरमई दिली नाही कुणाला.
घेतलं.

फाटकाबाहेर वारा आला, बंदराकडचा,
पदर उडाला आणि पडला नेमका त्याच जागी.
ओरडायला तोंड उघडलं होतं,
त्याच तोंडाने रिक्षावाल्याला विचारलं,
मिरकरवाडा किती?