ओल्या वाळूवरची मापं

पहाटे साडेचारला सुभाषनगरातून निघालो.
जुनी वॅगनार, तीही हप्त्यावरची.
मागं आई, मांडीवर धपाट्यांचा डबा,
शेजारी भावाचा वरद, झोपेतच उचलून ठेवलेला,
आणि पुढं तात्या,
बासष्ट वर्षांत ज्यांनी रंकाळ्याहून मोठं पाणी
पाहिलं नव्हतं.

"साडेतीन तासांवर तर हाय," म्हणायचे,
"जाऊ कवातरी."
हे कवातरी म्हणजे आमच्या घरातली खुंटी.
आईचं कर्णफूल, माझं लग्न, वरचा पत्रा,
सगळं तिलाच अडकवलेलं.

कळे. साळवण. उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर,
मागं दिवा नाही, खूण म्हणून नुसतं पोतं लटकतंय.
गगनबावड्याला धुकं एवढं
की चहा दिसेना, फक्त बोटांना कळायचा.
मग करूळचा घाट.
आईनं डोळे मिटले ते वैभववाडीलाच उघडले.
मी, बँकेत लोकांची कर्जं मोजणारी,
दुसऱ्या गिअरवर एकेक वळण मोजत उतरले.

जांभा सुरू झाला, तसा वरद जागा झाला.
"कुठाय?"
पुढच्या वळणावर पुन्हा, "कुठाय?"
कुणकेश्वर मागं पडलं, एक चढ संपला
आणि उजव्या हाताला तो होता.

कुणी काही बोललं नाही.
आईनं तेवढा पदर सारखा केला,
दारात पाहुणे दिसल्यावर करते तसा.

मिठबावला सुरूच्या सावलीत गाडी लावली.
तात्यांनी कापशी काढली, छातीशी धरली.
"पाणी लागलं की करकर जाती हिची."
मग नाक वर करून हुंगलं, बराच वेळ.
"मीठ," म्हणाले.
"कच्च्या कातड्याच्या वखारीत असाच वास.
बा घरी यायचा, तवा त्याच्या हातांना."
मी फोटोसाठी वर धरलेला मोबाईल
हळूच पर्समध्ये ठेवला.

ते पाण्यात गेलेच नाहीत.
पाण्याच्या कडेनं, वाकून, चालत राहिले
दुसऱ्यांच्या पावलांमागं.
"ही बाई उजव्या टाचंवर भार देती.
ह्याचा अंगठा भाईर. आठ नंबर, पण पन्हा मोठा.
हे पोरगं सपाट पायाचं,
आईला सांगा कुणीतरी."
चाळीस वर्षं कागदावर पाय ठेवून घेतले,
पेन्सिल फिरवली भोवतीनं,
आणि इथं अख्खा गाव येऊन
न सांगता माप देऊन गेलेला.

लाट आली. पुसून गेली.
"बघ," म्हणाले, "माप घेतंय आणि फाडून टाकतंय.
ह्याचं दुकान कसं चालायचं?"
आणि हसले. मी त्यांना असं हसताना
ऑर्डर मिळाल्यावरच पाहिलेलं.

दुपारी किनाऱ्यानंच आचऱ्याकडं.
खाडीवरचा पूल, खाली उलट्या घातलेल्या होड्या,
रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले मासे.
आई काच वर कर म्हणाली, तात्या खाली कर म्हणाले.
अर्धी ठेवली.
एका खानावळीत बांगडा सांगितला.
आई सोलकढीला "ताकच हाय की गुलाबी" म्हणाली
आणि तीन वाट्या प्याली.

रात्री साडेनऊला रंकाळ्यावर थांबलो, वरद हटूनच बसला.
बाटलीतून समुद्र आणला होता त्यानं,
तळाशी दोन बोटं वाळू.
कट्ट्यावरून अर्धी ओतली.
"हे ते," त्यानं पाण्याला सांगितलं.
भेळवाल्यानं बघितलं, मग नाही बघितलं.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. कागदावर पाय ठेवला.
तात्यांची पेन्सिल टाचेपासून निघाली,
चवड्याला वळसा घालून अंगठ्याशी आली
आणि थांबली.

"काय झालं, मिस्त्री?"

"काय न्हाई. पाय हलवू नगा,"
म्हणाले, आणि एकदा
दाराकडं बघून घेतलं.