तिसरीचा वर्ग

चिठ्ठी खिशात घामानं मऊ झालेली.
सांगलीतला प्रत्येक परमिट रूम मला
मागच्या दारासकट पाठ,
आणि ही एक शाळा सापडेना.

पानपट्टीवाल्याला विचारलं,
"पतसंस्थेची मीटिंग कुठंय?"
"रविवारी कसली पतसंस्था?"
मग चुना लावता लावता माझ्या हातांकडं बघत,
"दारू सोडणाऱ्यांची होय?
त्या जिन्यानं वर. चपला खालीच काढा."
आवाज त्यानं बारीक केला नाही.
रस्त्यावर कुणी वळूनही बघितलं नाही.

जिन्यापाशी पुराची रेघ, माझ्या खांद्याइतकी.
त्या साली पाणी चढत होतं तेव्हा
मी यार्डात, पोत्यांच्या थप्पीवर, आडवा.
बायकोला परक्यांनी नावेतून काढलं.
रेघेवर बोट ठेवून उभा राहिलो जरा वेळ.

बाकं इतकी बुटकी
की गुडघे हनुवटीला.
फळ्यावर सातचा पाढा,
सात आठे छप्पन्नला थांबलेला.
एक बाई बांगड्या सारख्या मागं सारत होती.

"मी बाबासो. आज एकोणिसावा दिवस."
टाळ्या वाजल्या.
एवढ्याशा आकड्याला टाळ्या!

माझी पाळी आली.
हळदीनं पिवळी झालेली नखं बाकाखाली लपवून
तोंड उघडलं, तर नावच फुटेना.
शेजारच्यानं चहाचा कप सरकवला,
अर्धाच भरलेला.
"इथं पूर्ण भरत नाही," म्हणाला,
"पहिल्या दिवशी सांडतो सगळ्यांचाच."