गहाळ पाने

लाखांदूरच्या कॉलेजात आम्ही सात जण, एम.ए. दुसरं वर्ष,
आणि कादंबरीची प्रत एकच.
पान एकशे तेरा ते एकशे वीस नाही.
कोणी फाडली, ठाऊक नाही. मागच्या कार्डावर
शेवटची सही एक्क्याण्णव सालची, तीही पुसट.

एकशे बारावर बाई कंदील घेऊन दाराशी उभी.
एकशे एकवीसवर सकाळ, आणि दार सताड उघडं.

मधली रात्र आम्ही झेरॉक्सवाल्याच्या बाकावर
लाईन येईपर्यंत वाटून घेतली.
लोमेश कापगते म्हणाला, डोंगा सोडून चुलबंद पार केली असन तिनं.
प्रणोती म्हणाली, नदी कुठून आली बाप्पा, पुस्तकात तर घाट आहे.
मंग घाटाखाली काय असते?
वैजू नान्हे काही बोलली नाही. तिची सोयरीक
त्याच आठवड्यात पक्की झाली होती.
शेवटच्या बसमध्ये, खिडकीकडं बघत, म्हणाली,
कुठंच गेली नसन ते.
दार उघडून नुसती बसली असन.

परीक्षेत लोमेशनं नदी लिहिली,
पाण्याच्या आवाजासकट.
सोळापैकी चौदा.

मग नागपूरहून नवी प्रत आली,
करकरीत, सगळी पानं शाबूत.
तीन दिवस टेबलावर पडून राहिली.
चौथ्या दिवशी मीच उघडली,
कपाटाला टेकून उभ्याउभ्या वाचली आठ पानं.

वैजूचा फोन लागला तेव्हा
मागे कुकरच्या शिट्ट्या, कोणीतरी तिला हाक मारत होतं.
सांग ना लवकर, काय होतं?

म्हटलं, अजून वाचलं नाही.