जिन्याखालचा मीटर

मुलीचं नाव ठेवायच्या आधी बिल आलं.
बिलावर नाव होतं श्री. ग. वि. फणसोपकर,
रक्कम मात्र आमची:
चार हजार आठशे सत्तर.

भाडेकराराचं नववं कलम:
खोलीत धूर करू नये, रंग काळवंडतो.
म्हणजे शेगडी नाही, निखारे नाहीत,
ओव्याची धुरी नाही.
केतकीच्या आईने खेडहून एसटीच्या टपावरून आणलेली
करवंट्यांची गोणी बाल्कनीत भिजत पडली,
आणि तिच्या जागी दोन सळ्यांचा हीटर
बाळंतिणीची खोली शेकत बसला, लालबुंद,
घरातल्याच कुणी वडीलधाऱ्यासारखा.

मांडवीकडून वारा येतो.
मिठाच्या बरणीला पाणी सुटतं,
आगपेटीची काडी घासली की गुल घसरतो,
लंगोट तीन दिवस ओले ते ओलेच.
मी ते रात्री इस्त्रीने वाळवायचो, एकेक.
वाफेने आधी माझंच तोंड शेकून निघायचं.
बरं वाटायचं, खोटं का बोला.

सोळकर वायरमन आले ते छत्री बाहेर ठेवून,
कानावर टेस्टर खोचून.
गिझरचा काटा सत्तरवर बघून म्हणाले,
'काय हो, कोंबडी सोलायची आहे?'
पन्नासवर आणला.
मायलेकींची आंघोळ लागोपाठ, मधे गिझर बंद.
इस्त्री कपाटावर. लंगोट पंख्याखाली, दोरीवर,
राहिलेले फ्रिजच्या मागे, तिथे फुकटची ऊब असते.
शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो, तीनशेच्या पुढे आणखी,
हे त्यांनी जिन्यात बसून समजावलं
टेस्टरने हवेत आकडे काढत.
मी मान हलवत होतो. बारावीला गणितात पंचेचाळीस.

मग त्यांनी आमचा मेन पाडला.
वरून केतकी ओरडली, 'वीज गेली का?'
वर गेली होती.
खाली चालूच होती:
मीटरवरचा लाल ठिपका
लुकलुक, लुकलुक.
सोळकर काहीच बोलले नाहीत.
एक वायर बोटाने धरून
कोळिष्टकांतून चालत गेले, मागच्या टाकीपर्यंत,
आणि तिथून म्हणाले, 'या इकडे. हा बघा तुमचा पाहुणा.'

सहा बिऱ्हाडांचा पंप.
आणि जिन्यातला दिवा.

फणसोपकर म्हणाले, 'अहो, पाणी तुम्हीही पिताच ना?'
म्हटलं, पितो. पण सहातला एकच हंडा आमचा.
ते सुपारी कातरत राहिले.
हो नाही, नाही नाही.
पुढच्या सोमवारी वायर हललेली होती,
कुणी हलवली ते कुणी सांगितलं नाही,
आणि मागचे पैसे
आम्ही दोघांनीही काढले नाहीत.

दिव्याचं मी बोललोच नाही.
नारळी पुनव झाली. वरचे तांडेल आता
पहाटे साडेतीनला उतरतात,
खांद्यावर जाळं, हातात डबा,
आणि दाराखालून उजेडाची एक पट्टी
पाळण्याच्या पायापर्यंत येते.
नऊ वॅट. असू दे.

हीटर आता तेल लावताना, अर्धाच तास.
उरलेला वेळ मुलगी आळीपाळीने आमच्या अंगावर.
माझा खांदा आखडतो.
त्याचं युनिट कुठे पडत नाही.

नवं बिल दोन हजार तीनशे दहा.
नाव अजून फणसोपकरांचंच,
मुलीचं ठरलंय, रेवा.
बिलाच्या कोऱ्या पाठीवर केतकी
दूध पाजल्याच्या वेळा लिहिते:
अकरा चाळीस.
दोन वीस.
चार पाच.
मग खरोखरच वीज गेली, अख्ख्या गल्लीची,
आणि त्यापुढची वेळ
अंदाजे.