तुरीच्या दाण्याएवढं

फाल्गुनातल्या गारांनी तीन पाकळ्या फाडल्या.
उरलेलं काम वानरांनी केलं.
कडुलिंबावरून टिनावर, टिनावरून धाडकन डिशमध्ये,
पोटाशी पिल्लं घेऊन अख्खी टोळी
तीस वर्षं तिला घसरगुंडी समजत आली आहे.

मोर्शीच्या हार्डवेअरमध्ये पोरानं कोंबड्यांची जाळी पुढं केली.
म्हटलं, ही नको, हिच्यातून निसटेल.
"काय निसटेल, काका?"
मी काउंटरवर चार बोटं टेकवली.
वरून येते ती लाट एवढी असते.
बोराएवढं भोक तिला अर्धवट उघडी खिडकी.
पण भोक तुरीच्या दाण्याएवढं असलं
की तिला ते दिसतच नाही,
सपाट भिंत समजून आपटते अन् माघारी फिरते.
पोरगा माझ्या बोटांकडे पाहत राहिला.
शेवटी माळ्यावरून ॲल्युमिनियमची एक गुंडाळी निघाली,
उंदरांच्या लेंड्यांसकट साडेतीन मीटर.

एकेकाळी हिच्यावर एकशेऐंशी घरं होती.
बाभळीवरून, शाळेच्या खिडकीतून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून
काळी वायर जायची, आणि लाइन गेली
की रात्री अकराला लोक माझं दार वाजवायचे.
मग ताटाएवढ्या छत्र्या आल्या,
मग हातातले फोन.
आता हिच्यावर मी एकटा.
आणि सिंधूच्या मुंगवड्या, खालच्या दोन पाकळ्यांवर.
जाळीतून खालूनही वारा लागतो, म्हणते,
खाटेवर अशा वाळत नाहीत.
सासूबाई असेपर्यंत कुरकुरायच्या,
दक्षिणेकडे तोंड करून काय ठेवलंय हे दारामागं.

सकाळी सहाला सुरुवात केली; नवानंतर लोखंड हात लावू देत नाही.
जुने रिव्हेट छिन्नीनं उडवले.
नवी जाळी कापली, बांधायच्या तारेनं काठाला टाचली, ओढली,
आणि मधोमध तिला पोट आलं.
सोडली, पुन्हा ओढली.
पुन्हा पोट.

कुंपणापलीकडे गयाबाई बांबू तासत बसली होती.
सूप, टोपल्या, लग्नाच्या सीझनला आंतरपाटाएवढे पंखे.
बराच वेळ पाहून म्हणाली,
"काहून जी, चाळणीले ठिगळ लावून रायले?"
मग कोयता ठेवून आलीच.
"कडेनं नोका ओढू. मधातून सुरू करा.
कडेनं ओढसान तं पोटच येईन."
तिनं तळहात पालथा करून जाळीवरून फिरवला,
जसा विणताना सुपाच्या तळावरून फिरवते,
आणि जिथं थांबला तिथं म्हणाली, इथं टोचा.
एकवीस ठिकाणी टोचलं.
पोट गेलं.

मग दोन दोऱ्या, काठापासून काठापर्यंत, फुली करून.
मध्यात एकमेकींना नुसत्या टेकायला हव्यात.
टेकत नव्हत्या. बोटभर अंतर.
डिश मुरडली होती, कोण जाणे कुठल्या वर्षापासून.
मी पाना घेऊन मागं गेलो,
गयाबाई पूर्वेच्या काठाला दोन्ही हातांनी लोंबकळली,
सिंधू ओरडली, बाई, मुंगवड्या!
आणि मी नट आवळला.

खोलीत रिसीव्हरची पट्टी शून्यावर होती.
मग एकोणतीस.
मग काही न करता एकसष्ट.
पडद्यावर एक अनोळखी बाई कणीक मळत होती,
भाषा कुठली, देश कुठला, तिघांनाही कळेना.
गयाबाई चहाची बशी हातात धरून उभ्यानं बघत राहिली.
"पानी जास्त झालं इचं," म्हणाली,
आणि बांबू वाळतोय म्हणून निघून गेली.

आता दुपारी मी आत पडलेलो असतो.
पट्टी एकसष्टवरून चोपन्नवर येते: पिल्लू.
चाळीसवर आली तर आई.
एकदम शून्य झाली
की टोळीतला तो म्हातारा, कान फाटलेला,
मधल्या दांडीला पाठ टेकून बसला असं समजायचं.
सिंधू स्वयंपाकघरातून म्हणते, हाकला ना.
हो म्हणतो,
आणि पट्टीकडे बघत पडून राहतो.