लांबलेली सुट्टी

ठरलं होतं दोन आठवडे. झाले सात.
व्हॅन शेजारच्या कौको काकांची, उसनी,
मागचं दार सुतळीने बांधलेलं,
आत आम्ही चौघं, एक स्टोव्ह
आणि इल्मोचा गांडुळांचा डबा,
ज्यावरून आई रोज सकाळी भांडायची.

सावोनलिन्नाच्या बाजारात वाटाणा घेतला,
शेंगांसकट, लिटरच्या मापाने.
टरफलं खिडकीतून टाकत गेलो.
परतताना वाट सापडेल, इल्मो म्हणाला.
(परत आलो ते दुसऱ्याच रस्त्याने.)
तळ्यांची नावं मी वहीत लिहीत होते,
चौतिसाव्या तळ्याला सोडून दिलं,
तळी संपेनात.

बाबा गाडी चालवताना शीळ घालायचे.
मला ठाऊकच नव्हतं त्यांना शीळ येते.
घरी ते तीन पाळ्यांत वाटलेले असायचे,
आमच्या वाट्याला बहुतेक झोपलेले बाबा.

दुसरा शुक्रवार. कुह्मोचा पेट्रोल पंप,
कोपऱ्यात टेलिफोनची काचेची खोली.
साहेबांना विचारून बघतो, म्हणाले.
आम्ही बाहेर, काचेला नाकं लावून.
ते बोलले, मान डोलावली, मध्येच हसलेसुद्धा,
आणि दार ढकलून ओरडले,
"दिला, आणखी एक आठवडा दिला!"
इल्मोने तिथेच कोलांटी मारली.
माझं लक्ष त्यांच्या मुठीकडे.
जाताना खिशातून काढलेलं पाच मार्कांचं नाणं
अजून तिथेच होतं, घामाने ओलं.
त्याचंच आम्हाला आइसक्रीम मिळालं,
ज्येष्ठमधाचं, काळं.
मी खाल्लं. विचारलं नाही.
नऊ वर्षांची होते,
आणि सुट्टी माझ्याही पदरात पडत होती.

मग दर शुक्रवारी एक फोन,
दर शुक्रवारी एक आठवडा.

आईला माहीत होतं का, आजही सांगता येत नाही.
पण कुसामोनंतर
ती सुरी काळ्या पावावर ठेवून क्षणभर थांबायची
आणि मग थोडी अलीकडे घ्यायची.

इनारीला सूर्य टेकायचा, मावळायचा नाही.
रात्री बाराला पाण्यावर पिवळं ऊन, डासांचे ढग,
आणि खडकावर बाबा, मनगटातलं घड्याळ काढून.
"इथे उद्या होतच नाही बघ," म्हणाले,
"आजच चालू राहतो."
मी ते वहीत लिहिलं, तळ्यांच्या खाली.
जागेचं भाडं घ्यायला येणाऱ्या एल्लेबाईंनी
तिथल्या दुसऱ्या आठवड्यापासून पैसे घेतले नाहीत,
सरपण फोडून द्या, म्हणाल्या.
बाबांनी सगळं फोडलं.
तिला दोन हिवाळे पुरेल इतकं,
आणि तरी कुऱ्हाड खाली ठेवेनात.

ऑगस्टात, ओउलूच्या अलीकडे कुठेतरी,
पहिल्यांदा दिवा लावावा लागला.
अंधार आम्ही विसरूनच गेलो होतो.
बाहेर दोघं हळू बोलत होती.
मला एकच शब्द नीट ऐकू आला, गिरणी,
आणि मग आईचं, "कधीपासून?"
आणि मग काहीच नाही, खूप वेळ.

गावात शिरताना आम्ही नेहमी नाक दाबायचो.
कागदाच्या गिरणीचा तो उकडलेल्या कोबीसारखा वास.
पगाराचा वास आहे तो, बाबा दर वेळी म्हणत.
त्या दिवशीही दाबलं, सवयीने.
पुलावर इल्मोने हात काढला.
"येतच नाहीये!" खूश होऊन म्हणाला.
कोणी काही बोललं नाही.
बाबांनी गिअर बदलला.

कौको काकांच्या अंगणात ते मागे गेले,
सुतळी सोडवायला.
गाठ पावसाने घट्ट बसली होती.
कापून टाक ना, आई म्हणाली.
"नाही," म्हणाले, "तीही त्यांचीच आहे,"
आणि बराच वेळ
वाकूनच राहिले.