दगडाला बर्फ

विश्रामने स्पितीहून बी पाठवलं,
बसच्या तिकिटात पुडी बांधून.
सोबत दोन ओळी: मावशी, हे बोटभरही उंच होत नाही,
वाऱ्याच्या धाकाने दगडाला बिलगून बसतं,
पण निळं असं, की डोळे पुसून पुन्हा बघावं.
नाव त्याने लिहिलं नव्हतं.
इंग्रजीतलं मला ठाऊक आहे:
मला विसरू नकोस.
फुलाने इतकं अजीजीनं बोलू नये.
मी आपली नुसतं 'निळं' म्हणते.

दीड महिना ते फ्रिजमध्ये होतं,
विरजणाच्या भांड्यामागे,
खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत, ओल्या वाळूत.
सुनेने दोनदा फेकायला काढलं.
'यात काहीच दिसत नाही हो.'
म्हटलं, हिवाळा आहे त्यात. असू दे.

जेल रोडच्या घरामागे, धुण्याच्या दगडापलीकडे
साडेतीन फूट जागा.
विल्होळीच्या क्रशरवरून तीन पाट्या कच आणली,
काळे दगड उभे रोवले, वहीच्या पानांसारखे,
फटीत जेमतेम करंगळी जाईल असे.
माती चहाच्या कपाएवढी.
खत नाही. लाड केले की मरतं हे.
गळ्याशी ओल राहिली की कुजतं,
म्हणून मानेभोवती बारीक खडी,
कडक इस्त्रीच्या कॉलरसारखी.

एकोणतीस वर्षं मी प्रेसमध्ये टपालाची तिकिटं तपासली.
दात तुटलाय का,
निळा रेषेबाहेर सांडलाय का.
चूक सापडली की आत काहीतरी नाचायचं
आणि तो ताव रद्द.
निवृत्त झाल्यावर तसलंच भिंग मेनरोडवरून घेतलं.
कशासाठी, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

पौषात निफाडचा पारा पाचावर उतरला.
नणंदेचा फोन, रात्री दीडला:
बागेत शेकोट्या पेटवल्यात, धूर धरलाय,
मणी तडकले तर वर्ष गेलं.
मी 'अगं बाई' म्हटलं. मनापासून म्हटलं.
मग स्वेटर चढवून मागच्या दारी गेले
आणि दगडांवर तळवा ठेवला.
गार. छान गार.
लाज वाटली.
हात मात्र काढला नाही.

सतरा बियांतली चार उगवली.
राखाडी, लवदार पानं,
उंदराच्या कानाएवढी.
माघात एकीला एकच फूल.
भिंगाखाली पाच पाकळ्या, मधे पिवळं कडं,
निळा जिथल्या तिथे.
तपासलं. पास.
एवढं बोलायला शेजारी कुणी नव्हतं,
म्हणून मोठ्याने बोलले.

शिवरात्रीनंतर ऊन चावायला लागलं.
खिडकीची जुनी काच आडवी लावली, ओलं गोणपाट,
दुपारी बर्फाचे खडे दगडांच्या पाठीवर.
भिंतीवरून गांगुर्डे डोकावले:
'मावशी, दगडाला मुका मार लागलाय का?'
हसले मीही.
होळीच्या आदल्या दिवशी शेवटचं रोप
शाईच्या डागासारखं वाळून बसलं.
ते उपटायला चिमूट पुरली.

भाद्रपदात त्याच फटीतून
एक लांबलचक, आडदांड काहीतरी वर आलं.
निसुर्डी.
मागल्या कार्तिकात अंजनेरी उतरताना
तिच्या बिया साडीच्या काठाला चिकटल्या होत्या,
त्या मी इथेच बसून, शिव्या देत, सोडवल्या होत्या.
निळी तीही. घराणं एकच, म्हणतात.
पण हे ते नव्हे, उगाच समजूत कशाला घालू?
एवढं मात्र खरं,
ती विसरू नकोस वगैरे म्हणत बसत नाही,
काठ धरते आणि घरी येते.

विश्रामला कळवलं:
चार उगवली, एक फुललं, सगळी गेली.
यंदा जरा जास्त पाठव.
विरजणामागची जागा
मी कुणाला देत नाहीये.